शाबूत काच

काच शाबूत होती.

मी रत्नाक्कांच्या स्वयंपाकघरात ओट्यापाशी गुडघे टेकून बसले होते. एका हातात विजेरी, दुसऱ्यात भिंग. खिडकीच्या खालच्या कोपऱ्यातून निघालेली भेग तिरकी उतरत ओट्याच्या मागून जमिनीपर्यंत गेली होती. तिच्यावर आडवी, दोन्ही टोकांना प्लॅस्टरच्या गोळ्यांनी चिकटवलेली बोटभर लांबीची काचपट्टी होती. पट्टीवर पेनने घातलेली तारीख होती आणि बाकी काही नव्हतं. साधा ओरखडासुद्धा नाही.

"काय म्हणते काच?" मागून मगदूमकाकांनी विचारलं.

"फुटलेली नाही."

"बघा! मी म्हटलं नव्हतं?" त्यांनी टाळी वाजवली. मगदूमकाका औदुंबर सोसायटीचे चेअरमन. साखर कारखान्यात आयुष्य काढलेलं, त्यामुळे आवाज कायम यंत्र चालू असल्यासारखा. "अक्का, चहा टाका. साखर सढळ हातानं. मॅडमनी आपल्याला पास केलंय."

"टाकते की," रत्नाक्का म्हणाल्या, पण हलल्या नाहीत. त्या एक पातेलं पुसत उभ्या होत्या. मी आले तेव्हाही तेच पातेलं पुसत होत्या.

तेव्हा मी सांगलीतल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवत होते. माझा विषय माती. शेतकऱ्याची नव्हे, बांधकामाची. ती किती वजन पेलते, पाणी प्यायल्यावर काय करते, पाणी सोडल्यावर काय करते. महापूर ओसरल्यावर नदीकाठच्या ज्या इमारतींबद्दल शंका होती त्या पाहण्यासाठी महापालिकेने आम्हा काही जणांना नेमलं होतं, आणि औदुंबर माझ्या वाट्याला आली होती. तीन मजले, बारा घरं. तळमजला पुरात बुडालेला. लोकांनी चिखल उपसून, भिंती घासून, रंग देऊन ती पुन्हा राहण्याजोगी केली होती. दिवाळीत मी पहिल्यांदा गेले तेव्हा दारोदार आकाशकंदील होते आणि प्रत्येक घरात मला फराळाची बशी मिळाली होती.

त्याच वेळी मी ईशान्येच्या कोपऱ्याला, म्हणजे रत्नाक्कांच्या स्वयंपाकघराबाहेर, पायाशेजारी एक खड्डा खणून घेतला. वर काळी माती, ती अपेक्षितच होती. तिच्याखाली राख लागली. राख आणि अर्धवट भाजलेल्या विटांचे तुकडे. कधीकाळी तिथे वीटभट्टीचा खड्डा असावा आणि कुणीतरी तो तसाच बुजवून त्यावर इमारतीचा एक पाय ठेवला असावा. बांधणारा केव्हाच वारला होता, त्यामुळे विचारायची सोय नव्हती.

आता ह्या कोपऱ्यात दोन गोष्टी संभवत होत्या. काळी माती उन्हाळ्यात आकसते, पावसाळ्यात फुगते. तिच्यावरच्या भिंतींना भेगा पडतात, त्या उघडतात आणि मिटतात. आमच्या भागातल्या निम्म्या घरांना तो आजार असतो आणि माणसं त्याच्यासकट सुखाने मरतात. किंवा मग पुराचं पाणी पिऊन बसलेली राख वजनाखाली दबत चालली असेल. तसं असेल तर भेग मिटणार नव्हती, फक्त उघडत जाणार होती. एकदा बघून ह्यातलं काय आहे ते सांगता येत नाही. म्हणून भेगांवर काचा लावायच्या. काच ताणली जात नाही. भिंत सरकली की ती फुटते. मी कॉलेजच्या प्रयोगशाळेतून सूक्ष्मदर्शकाच्या स्लाइड आणून घरोघरी लावल्या, प्रत्येकीवर तारीख घातली आणि अहवालात लिहिलं की इमारत निरीक्षणाखाली ठेवावी.

जानेवारीच्या शेवटी पहिली खेप झाली होती. तेव्हा सगळ्या काचा धड होत्या. थंडीतलं ते चित्र ठीकच होतं. आता एप्रिल होता, ऊन कडक झालं होतं, आणि खाली येण्याआधी मी वरचे मजले पाहून आले होते. जिन्यातली काच तडकली होती. पहिल्या मजल्यावर सौंदत्त्यांकडची केसाएवढी तडकली होती. त्यांचं मला काही वाटलं नव्हतं. उन्हाळ्यात एवढं व्हायचंच.

खरी भेग मात्र इथे होती, आणि काच इथलीच धड होती.

सगळं घर तापाने फणफणलेलं असावं, आणि सगळ्यांत जास्त कण्हणाऱ्याचाच ताप नॉर्मल भरावा, तसं ते होतं. अशा वेळी माणसावर नाही, थर्मामीटरवर संशय घ्यायचा असतो.

"काका," मी म्हटलं, "गच्चीवरच्या टाकीखालचा बीम बघायचा राहिला. कुलूप काढून ठेवता का? मी येतेच."

"आता कशाला, पास झालो ना?" ते म्हणाले, पण किल्ल्या वाजवत गेले. त्यांची पावलं जिन्यात विरेपर्यंत मी थांबले. मग काचेच्या कडेवरून बोट फिरवलं.

स्लाइडची कड कारखान्यात घासलेली असते, गुळगुळीत. ही कड हिरवट होती. बोटाला झिणझिणी आली आणि रक्ताचा थेंब दिसला.

"अक्का, ही काच माझी नाही."

"तुमचीच आहे ओ. तारीख बघा की."

"तारीख माझी आहे. काच माझी नाही."

त्यांनी पातेलं खाली ठेवलं. माझं बोट पाहिलं. "कापलं की," म्हणून त्या डब्याकडे वळल्या आणि चिमूटभर हळद घेऊन आल्या. माझ्यासमोर जमिनीवर बसल्या आणि माझं बोट हातात धरून त्यावर हळद दाबली. दाबूनच धरली. ज्या हातांनी काच कापली होती त्या हातांची पकड चांगली होती.

"आमच्या ह्यांचं फोटो फ्रेमचं दुकान होतं," त्या म्हणाल्या. "गणपती पेठेत. शेवटी शेवटी त्यांचा हात थरथरायचा, तेव्हा काच मीच कापायचे. काच कापायची हिरकणी अजून आहे माझ्याकडं."

"हे मला माहीत नव्हतं."

"कुणी विचारलंच नाही."

"का बदललीत?"

"फुटली म्हणून." त्या माझ्या बोटाकडेच बघत होत्या. "पहिल्यांदा वाटलं माझंच भांडं लागलं असणार. तुमच्या लॅबची वस्तू, म्हटलं बाई रागावतील. घरात काच पडून होती. तशीच कापली, प्लॅस्टर आणलं, बसवली. तुमचा सात कसा असतो, मधे काट मारलेला, तसाच काढला."

"आणि नंतर?"

"नंतर कळलं ना, भांडं नव्हतं लागलं."

खिडकीतून गल्लीतल्या भाजीवाल्याची हाक आली. तो पुढे निघून गेल्यावर मी विचारलं,

"किती वेळा, अक्का?"

"पहिली तर संक्रांतीला फुटली."

म्हणजे जानेवारीच्या शेवटी मी पाहून गेले ती काचही त्यांचीच होती.

"मग होळीला," त्या म्हणाल्या. "मग पाडव्याला. गुढी उतरवून आत आले तर दोन तुकडे. मग रामनवमी. मग परवा हनुमान जयंतीला." त्यांनी माझ्या बोटावरची हळद पुन्हा दाबली. "आणि आज सकाळी. तुम्ही येणार म्हणून घाईनं बसवली. प्लॅस्टर ओलंच असेल अजून, बघा."

मी बघितलं. ओलं होतं.

भेग किती रुंद झाली आहे हे मोजायला माझ्याकडे साधनं होती आणि ती रुंदी फारशी भयंकर नव्हती. आकडा म्हणून कागदावर ती कुणालाही घाबरवू शकली नसती. पण रत्नाक्कांनी जे सांगितलं ते रुंदीबद्दल नव्हतंच. दिवाळी ते संक्रांत. संक्रांत ते होळी. मग होळी ते पाडवा, पाडवा ते रामनवमी, रामनवमी ते हनुमान जयंती, हनुमान जयंती ते आज. सण जवळ जवळ येत चालले होते. खचणारी गोष्ट एका चालीने खचत असेल तर तिच्यासोबत बरेच दिवस काढता येतात. तिने चाल वाढवली की नाही.

"तुकडे टाकलेत?"

"काचवाल्याच्या घरात काच कचऱ्यात टाकत नाहीत. झाडणारीचा हात कापतो." त्यांनी फळीवरून बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा काढला. आत कागदात गुंडाळलेले तुकडे होते. मी दोन जोड्या तळहातावर जुळवून पाहिल्या. इतक्या सरळ कापलेल्या काचा माझ्या प्रयोगशाळेतही क्वचितच दिसत.

"मला का नाही सांगितलंत?"

"मगदूमअण्णा मीटिंगमध्ये म्हणाले होते, काच फुटली की नोटीस. सगळ्यांनी घर खाली करायचं." त्या आता माझ्याकडे बघत होत्या. "बाई, पुराच्या वेळी मी कपाटावर चढून बसले होते. पाणी इथवर. अण्णांनी मला पाठीवर घेतलं आणि वर नेलं. ह्या वयात. आठ दिवस सौंदत्त्यांच्या सुनेनं मला ताट वाढलं, एकदाही तोंड वाकडं केलं नाही. चिखल काढायला अख्खी बिल्डिंग माझ्या घरात. माझं घर तळाला, म्हणून आधी माझं. आणि आता माझ्या स्वयंपाकघरातली काच फुटली म्हणून सगळ्यांनी रस्त्यावर यायचं? दर वेळी वाटायचं, ही टिकेल. एक टिकली की झालं."

"अक्का..."

"घर खाली करा म्हणायचं तर म्हणा. पण हे सांगू नका. मी घर सोडीन. पण त्यांना तोंड दाखवू शकणार नाही मी. तीन महिने मी त्यांना खोटं दाखवत होते. त्यांची पोरं ह्याच भिंतीपलीकडं खेळतात."

वरून हाक आली, "मॅडम, कुलूप काढलंय!"

गच्चीवर गेले. टाकीखालच्या बीमकडे बघण्यासारखं काही नव्हतं. मी कठड्याशी जाऊन खाली ईशान्येच्या कोपऱ्याकडे बघत राहिले. तो कोपरा इतर तीन कोपऱ्यांसारखाच दिसत होता.

"काका, सगळ्यांना खाली बोलवा," मी म्हटलं.

"आनंदाची बातमी द्यायला?"

"नाही."

पार्किंगमध्ये खुर्च्या आल्या. ऊन कलायला लागलं होतं. जे कामावर होते त्यांना फोन गेले, ते येत गेले तसे मागे उभे राहिले. रत्नाक्का खांबाला टेकून बसल्या होत्या. मी उभं राहून सांगितलं की इमारत राहण्यालायक नाही, उद्या संध्याकाळपर्यंत सगळ्यांनी बाहेर पडावं, आणि तळमजला व ईशान्येच्या बाजूच्या वरच्या घरांनी तर आजच. मी महापालिकेला तसं कळवणार आहे.

आधी कुणाला कळलंच नाही. मग सगळे एकदम बोलायला लागले.

"एक मिनिट, एक मिनिट." अभिनंदन सौंदत्ते पुढे आला. शाळेत गणित शिकवायचा, त्यामुळे शांतपणे विचारायचा. "मॅडम, कशावरून?"

"कोपऱ्यातला पाया खचतो आहे."

"ते तुम्ही दिवाळीतही म्हणाला होतात. खचत असेल किंवा नसेल, काचा सांगतील म्हणालात. आमच्याकडची केसभर तडकली, त्याला तुम्हीच म्हणालात घाबरू नका. अक्कांकडं काय झालं?"

"काच धड आहे!" मगदूमकाका म्हणाले. "मी स्वतः बघितली. मॅडमनी माझ्यादेखत सांगितलं, फुटली नाही म्हणून. अहो, परीक्षेचा पेपर तुमचा, आम्ही शंभरपैकी शंभर आणले, तरी नापास?"

काही जण हसले. मीही दुसऱ्या कुठल्या दिवशी हसले असते.

"राख आहे खाली," मी म्हटलं.

"राख दिवाळीतही होती," सौंदत्ते म्हणाला. "नवीन काय?"

नवीन काय होतं ते मागे खांबाला टेकून बसलं होतं. मी तिकडे बघितलं नाही. मी बघितलं असतं तर बारा घरांनी बघितलं असतं.

"नवीन काही नाही. मी भेग पाहिली, कोपरा पाहिला, आणि माझं मत झालं आहे."

"मत?" मगदूमकाकांचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "मॅडम, चिखलात हात घालून घर पुन्हा उभं केलंय हो आम्ही. रंगाचा वास गेला नाही अजून. आणि तुम्ही आम्हाला मत सांगता? मत मला पण आहे. ह्या पोराला पण आहे. तुम्हाला बोलावलं ते मोजायला."

"मोजूनच सांगते आहे."

"मग आकडा सांगा."

आकडा माझ्याकडे होता, पण तो कशातून काढला हे सांगितल्याशिवाय तो सांगता येत नव्हता. खांबाजवळ हालचाल झाली. रत्नाक्का उठत होत्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावरून मला कळलं की त्या बोलणार.

"आकडा नाही," मी मोठ्याने म्हटलं. "सगळ्याच गोष्टींना आकडा नसतो. इतकी वर्षं माती पाहून जे कळतं त्यावरून मी सांगते आहे. चुकीचं असेल तर चूक माझी. तक्रार करा, ती पण माझ्या नावाने करा. पण बाहेर राहून करा."

रत्नाक्का तशाच उभ्या राहिल्या. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि घरात गेल्या. बाहेर वाद चालूच राहिला. कुणी म्हणालं बिल्डरनी हिला विकत घेतलंय, जागेवर डोळा असणार. कुणी म्हणालं बाईमाणसाला जबाबदारी दिली की ती भितेच. सौंदत्त्याने त्याला गप्प केलं, पण माझी बाजू घेतली असं नाही.

थोड्या वेळाने रत्नाक्का बाहेर आल्या. हातात एक पिशवी, दुसऱ्या हातात कुलूप. सगळ्यांदेखत त्यांनी दाराला कुलूप घातलं आणि किल्ली मगदूमकाकांपुढे धरली.

"अण्णा, मी मिरजेला बहिणीकडं जाते."

"अक्का, तुम्ही कशाला? हिच्या सांगण्यावरून? तुमचीच काच तर धड आहे!"

"बाई म्हणतात ना," रत्नाक्का म्हणाल्या. "मी जाते. तुम्ही पण जा, अण्णा. माझं ऐका."

त्यांचं मिरजेत कोण होतं ते सगळ्यांना ठाऊक होतं. एक थकलेली बहीण आणि दोन खोल्या. ज्यांना कुठेच जायला नव्हतं त्या सगळ्यांत आधी निघाल्या, तेव्हा बाकीच्यांना आपापले भाऊ, सासरे, मित्र आठवायला लागले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी औदुंबर रिकामी झाली. शेवटचा टेम्पो मगदूमकाकांचा होता. जाताना ते माझ्याशी बोलले नाहीत.

आणि इमारत पडली नाही.

त्या आठवड्यात पडली नाही, उन्हाळ्यात पडली नाही. पावसाळा लागला तेव्हा मी रोज सकाळी कॉलेजला जाताना वाट वाकडी करून तिकडून जात असे. ती उभी असायची. महापालिकेने कोपऱ्याला लोखंडी टेकू दिले होते. त्याने टिकली असेल, किंवा तशीही टिकली असती. मी भिंतीवर पुन्हा काच लावली नाही. आत जायची परवानगी मला मीच नाकारली होती.

मगदूमकाकांचा दर महिन्याला फोन यायचा.

"मॅडम, मगदूम बोलतोय. उभी आहे हो अजून. म्हटलं कळवावं." आणि फोन ठेवायचे.

पुढे तक्रार झाली. चौकशीला तिघे जण बसले, त्यातले दोघे माझ्या ओळखीचे. कुठल्या पुराव्यावर बारा कुटुंबं बाहेर काढलीत, हा एकच प्रश्न ते वेगवेगळ्या तोंडांनी विचारत राहिले. तज्ज्ञ म्हणून माझं मत, असं मी लिहून दिलं. "मॅडम, तुमच्यासारख्या शास्त्रीय माणसाकडून ही अपेक्षा नव्हती," असं त्यातला एक चहाच्या वेळी बाजूला घेऊन म्हणाला. तो वाईट माणूस नव्हता. मीही त्याच्या जागी हेच म्हटलं असतं. त्यानंतर महापालिकेने मला इमारती पाहायला बोलावलं नाही. दोनतीन वर्षं शिकवताना मला मुलांच्या वह्यांत "मत" हा शब्द दिसला की थकायला व्हायचं.

मग मगदूमकाकांचे फोन मध्येच बंद झाले. मला वाटलं आजारी असतील, किंवा कंटाळले असतील. मी चौकशी केली नाही.

औदुंबर अखेर यंत्राने पाडली. नव्या इमारतीसाठी पाया खणला तेव्हा मी जाऊन कडेला उभी राहिले. राखेचा खड्डा मी समजले होते त्याहून मोठा निघाला. त्यावरच्या कॉलमचा पाया हाताएवढा खाली बसलेला होता आणि कललेला होता. खणणाऱ्यांपैकी कुणाला त्यात काही विशेष वाटलं नाही. मलाही त्यावरून काही म्हणता येत नव्हतं. खचलेलं म्हणजे पडलेलं नव्हे. माणसं आत असती, टाक्या भरलेल्या असत्या, टेकू नसते, तर काय झालं असतं हे सांगणारा प्रयोग कुणी करत नाही. आमच्या धंद्यात बरोबर ठरायचं असेल तर लोकांनी तुमचं ऐकता कामा नये.

मी निवृत्त झाल्यावर एका सकाळी फोन आला.

"बाई, रत्नाक्का बोलते. एक भेग आहे. येता का बघायला?"

नव्या औदुंबरात त्यांना पहिला मजला मिळाला होता. जिना चढले. दार उघडंच होतं. त्या बऱ्याच वाकल्या होत्या, पण हात तसेच होते. बोलत बोलत त्यांनी मला स्वयंपाकघरात नेलं. खिडकीखाली रंगावर एक बारीक रेघ होती आणि तिच्यावर एक काचपट्टी आडवी लावलेली होती. प्लॅस्टरचे दोन गोळे, वर तारीख. सातच्या मधोमध काट.

काच मधून फुटलेली होती.

"गेल्या महिन्यात फुटली," रत्नाक्का म्हणाल्या. "हात लावला नाही मी. तशीच ठेवलीय."

मी ओट्याला धरून खाली बसले. गुडघे पूर्वीसारखे राहिले नव्हते. भिंग काढलं. त्या माझ्या मागे उभ्या राहून सांगत होत्या.

"अण्णांना सांगितलं मी. ते तुम्हाला फोन करतात हे कळलं, तेव्हा राहवलं नाही. त्यांच्या घरी गेले आणि डबा उघडून समोर ठेवला, सगळ्या काचा."

"काय म्हणाले?"

"काही नाही. उठून आत गेले. चार दिवस बोलले नाहीत. पाचव्या दिवशी त्यांच्या आईचा फोटो घेऊन आले. काच तडकली होती. म्हणाले, अक्का, एवढी बदलून द्या." त्या हसल्या. "म्हणाले, ही बदलली तर चालेल."

मी भिंग रेघेवर फिरवलं. कडा एका पातळीत होत्या. एक बाजू खाली गेलेली नव्हती. वरून खालपर्यंत सारखी, गिलाव्यापुरती, नव्या भिंती वाळताना पडते तशी.

"बाई," मागून आवाज आला. "ती पडली असती का हो?"

"माहीत नाही, अक्का."

"अजून पण नाही?"

"कधीच कळणार नाही."

त्यांनी भिंतीवरच्या रेघेकडे बोट केलं. मग म्हणाल्या, "आणि ही?"

"ही काही नाही. गिलावा वाळलाय. राहा खुशाल."

"कशावरून?"

मी मान वळवून पाहिलं. त्या चेष्टा करत नव्हत्या. खरंच विचारत होत्या, आणि माझं उत्तर येईपर्यंत थांबणार होत्या.

"माझं मत," मी म्हटलं.

"बरं," रत्नाक्का म्हणाल्या, आणि चहाचं आधण ठेवायला वळल्या.